चॉकलेटच्या मेजवानीला वाढपी हवा

बॅलार्ड पिअरचे नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल २०२५ मध्ये सुरू झाले आणि वर्षाला १० लाख प्रवाशांची ये-जा सांभाळण्याची त्याची क्षमता असल्याचे सांगितले गेले. त्याआधी ३० सप्टेंबर २०२४ रोजी याच मुंबई बंदरातून केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ची सुरुवात केली आणि २०२९ पर्यंत देशातील क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले. या निमित्ताने धक्क्यांची लांबी, पाण्याची खोली, रोजगार आणि परकीय चलन यांवर बरीच चर्चा झाली. जहाजावर प्रवाशांना काय वाढले जाणार, ते कसे वाढले जाणार आणि उरलेल्याचे काय होणार, हा विषय मात्र चर्चेत आला नाही. क्रूझ या व्यवसायाची निम्मी ओढ खाण्याची आहे. तिकिटाच्या किमतीत जेवण धरलेले असते, जाहिरातींत समुद्राइतकीच जागा ताटांना मिळते, आणि त्या ताटांत सर्वांत मानाचे स्थान चॉकलेटच्या मेजवानीचे असते. सफरीतली एक रात्र ठरवून ब्राउनी, मूस, ट्रफल, केक, टार्ट आणि चॉकलेटचे कारंजे यांनी लांबच लांब टेबले सजवली जातात आणि लोकांना हवे तेवढे घ्यायला सांगितले जाते. अशी मेजवानी मुंबईच्या जहाजांवर जरूर असावी, परंतु सगळे एकदम मांडून, लोकांच्या हाती चिमटे देऊन, उरले ते टाकून देण्याची जी पद्धत तिच्याबरोबर येते, ती आपल्या बंदरात रुजू देऊ नये, असे माझे मत आहे. हा व्यवसाय आपल्याकडे अजून घडतो आहे, आणि एकदा पडलेल्या सवयी नंतर मोडणे अवघड असते.

ही पद्धत आली कुठून ते पाहिले पाहिजे. अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या प्रवासी बोटींवर दिवस ढकलण्याचे मोठे साधन जेवण हेच होते. विमानांनी त्या बोटींचे प्रवासी नेले, आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासून कॅरिबियन समुद्रात केवळ सहलीसाठी फिरणारी जहाजे वाढू लागली. या जहाजांना कुठे पोहोचायचे नव्हते, त्यामुळे प्रवास हाच सोहळा करावा लागला, आणि मध्यरात्रीचा बुफे ही त्या सोहळ्याची खूण ठरली. बर्फात कोरलेले हंस, कलिंगडांची कोरीव फुले, चॉकलेटचे पुतळे यांनी दालन भरून जाई. खाण्यासाठी दारे उघडण्याआधी काही वेळ केवळ छायाचित्रे काढण्यासाठी राखून ठेवला जाई. नॉर्वेजियन क्रूझ लाइनच्या जहाजांवरील ‘चोकोहॉलिक बुफे’ याच परंपरेत प्रसिद्ध झाला. म्हणजे आधी पाहायचे आणि मग खायचे, हा क्रम या मेजवानीच्या मुळाशीच आहे. टेबल भरगच्च दिसले पाहिजे, शेवटचा पाहुणा आला तरी ते रिकामे दिसता कामा नये, ही तिची अट आहे. किती जण खाणार आहेत, याचा त्या अटीशी काही संबंध नसतो.

पाश्चात्त्य कंपन्यांनीच पुढे या प्रकाराला आवर घातला, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. गेल्या वीसेक वर्षांत मध्यरात्रीचे भव्य बुफे बहुतेक मोठ्या जहाजांवरून कमी झाले किंवा बंद पडले; खर्च आणि नासाडी ही त्याची उघड कारणे होती. प्रिन्सेस क्रूझेसने २०१४ मध्ये नॉर्मन लव्ह या अमेरिकी चॉकलेट कारागिराला बरोबर घेऊन जो उपक्रम सुरू केला, त्यात भर होता तो भोजनगृहात ताटलीत वाढून येणाऱ्या पदार्थांवर. कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर ज्या गोड पदार्थाचे नाव सर्वाधिक निघते, तो आतून वितळलेला गरम चॉकलेट केक प्रत्येकाला मागणीप्रमाणे छोट्या वाडग्यात, भट्टीतून काढून दिला जातो. लोकांना तो बुफेपेक्षा कमी आवडतो असे कोणी म्हणत नाही. तेव्हा आपण जर जुन्या पद्धतीची नक्कल आज नव्याने करणार असू, तर ज्यांची नक्कल करतो ते केव्हाच पुढे निघून गेलेले आहेत.

चॉकलेटच्या मेजवानीत मोठे कसब असते, आणि म्हणून ती बंद करा असे म्हणणे मला पटत नाही. कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, गोठताना सहा निरनिराळ्या रचनांचे स्फटिक तयार होऊ शकतात. चकाकी, दाताखाली येणारा कडक तुकडा आणि जिभेवर अलगद विरघळणे हे तिन्ही गुण केवळ पाचव्या रचनेत मिळतात. ती साधण्यासाठी डार्क चॉकलेट सुमारे ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवून, २७-२८ अंशांपर्यंत थंड करून, पुन्हा ३१-३२ अंशांवर आणून काम करावे लागते. एखाद-दुसऱ्या अंशाची चूक झाली की काही वेळाने पृष्ठभागावर पांढुरके पट्टे उमटतात. त्यात आपली हवा. ऑक्टोबरात किंवा एप्रिल-मेमध्ये मुंबईहून निघालेल्या जहाजाच्या स्वयंपाकघरात दार उघडले की दमट हवा आत शिरते, थंड चॉकलेटवर दव धरते, त्या ओलाव्यात साखर विरघळते आणि वाळल्यावर खरखरीत थर सोडून जाते. समुद्रावर, हलत्या ओट्यावर, शेकडो माणसांसाठी हे काम करणारे हात कौतुकाचे धनी आहेत. दादरच्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेतून, जी १९५४ पासून हे शिक्षण देत आली आहे, आणि गोव्याच्या किंवा कोकणाच्या लहान गावांतून कितीतरी मुले-मुली या वाटेने जगभरच्या जहाजांवर गेली आहेत. त्यांच्या कामाला मुंबईच्या जहाजांवर मान मिळावा, हे मला मनापासून वाटते. आणि नेमके म्हणूनच त्या कामाचा मोठा भाग रात्री उशिरा कचऱ्यात जाताना पाहणे मला सहन होत नाही.

मुंबईहून गोव्याला निघालेल्या एका जहाजावर अशी रात्र मी जवळून पाहिली आहे. प्राँग्सचे दीपगृह मागे पडून बराच वेळ झाला होता, जेवणे आटोपली होती, आणि गोडाचे दालन उघडल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे माणसे टेबलांभोवती केवळ फोन उंचावून उभी होती. मग ताटल्या भरू लागल्या. बहुतेकांनी प्रत्येक प्रकारातला एकेक तुकडा घेतला, कारण कोणता आवडेल ते चाखल्याशिवाय कळणार नव्हते आणि पुन्हा आपला नंबर येईतो तो उरेल की नाही याची खात्री नव्हती. चाखून झाल्यावर एखादाच आवडलेला संपला आणि बाकीचे अर्धेमुर्धे तसेच राहिले. माझ्या शेजारच्या टेबलावरील एका बाईंनी दोन ब्राउनी कागदी रुमालात गुंडाळल्या; मुलगा खोलीत झोपला होता, त्याला सकाळी द्यायच्या होत्या. मालवणकडच्या बोलीत बोलणारा तिथला तरुण कर्मचारी अदबीने पुढे आला आणि म्हणाला, “काकू, हे बाहेर नेता येणार नाही. इथं बसून कितीही घ्या, काही हरकत नाही.” त्याचे म्हणणे नियमाला धरूनच होते, कारण थंडाव्याबाहेर राहिलेले पदार्थ खोल्यांत नेऊन दुसऱ्या दिवशी खाल्ले जाणे आरोग्याच्या दृष्टीने धोक्याचे असते. बाईंनी ब्राउनी परत ताटलीत ठेवल्या. थोड्या वेळाने ती ताटली उचलली गेली आणि त्या दोन्ही ब्राउनी इतर उष्ट्याबरोबर ढकलल्या गेल्या.

यात त्या बाईंचा दोष नव्हता आणि त्या कर्मचाऱ्याचाही नव्हता. मांडणीच अशी आहे की तिच्यात शहाण्या माणसालाही शहाणपणाने वागायला जागा उरत नाही. या मेजवानीतली नासाडी दोन प्रकारची असते, आणि आपले लक्ष नेहमी पहिल्या प्रकाराकडे, म्हणजे ताटलीत टाकलेल्या अन्नाकडे जाते. दुसरा प्रकार त्याहून मोठा असू शकतो, आणि तो म्हणजे टेबलावर मांडलेले पण कोणीच न घेतलेले अन्न. मलई, अंडी आणि दूध असलेले पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावे लागतात. अमेरिकी बंदरांना जाणाऱ्या जहाजांसाठी तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने जे नियम केले आहेत, त्यांत थंडाव्याबाहेर मांडलेल्या पदार्थांना जास्तीत जास्त ४ तास दिले जातात. त्यानंतर ते टाकावेच लागतात, परत शीतकपाटात ठेवता येत नाहीत. हा नियम योग्यच आहे. बंदिस्त जहाजावर पोटाची साथ पसरली तर काय होते, हे नोरोव्हायरसच्या साथींनी वारंवार दाखवले आहे. पण याचा अर्थ असा, की मूसचा पेला ज्या क्षणी टेबलावर आला त्या क्षणी त्याचे घड्याळ सुरू झाले. तो कोणी घेतला तर ठीक, नाहीतर तो गेलाच. चॉकलेटच्या कारंज्याचे तर याहून वाईट. चॉकलेट पातळ वाहावे म्हणून त्यात तेल किंवा जादा कोको बटर घालतात, लोक त्यात फळे आणि केकचे तुकडे बुडवतात, फळांचे पाणी आणि केकचा चुरा त्यात मिसळत राहतो, आणि मेजवानी संपल्यावर कारंज्यातले उरलेले चॉकलेट पुन्हा वापरण्याजोगे राहत नाही. शोभेच्या पुतळ्यांना तर कोणी हातही लावत नाही.

हे सगळे जाते कुठे? जहाजांच्या कचऱ्यासाठी मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराचे पाचवे परिशिष्ट लागू होते. त्यानुसार अन्नाचा कचरा २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतका बारीक केला असेल तर किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे, आणि तसाच असेल तर १२ सागरी मैलांपलीकडे, चालत्या जहाजातून समुद्रात सोडता येतो. भूमध्य, बाल्टिक यांसारख्या विशेष क्षेत्रांत नियम अधिक कडक आहेत, परंतु आपल्या किनाऱ्याजवळचा अरबी समुद्र त्या यादीत नाही. म्हणजे मुंबई ते गोवा या वाटेवर एखाद्या जहाजाने रात्रीची उरलेली मेजवानी दळून समुद्रात सोडली, तर ते पूर्णपणे कायदेशीर ठरते. यामुळे समुद्र मरेल असा आरडाओरडा मी करणार नाही. मुंबई शहर स्वतःच्या सांडपाण्याने या समुद्रावर जो भार टाकते, त्यापुढे जहाजावरचे केक नगण्य आहेत. माझी हरकत हिशेबाबद्दल आहे. बॅलार्ड इस्टेटमधल्या एखाद्या हॉटेलात रोज १०० किलोंहून अधिक कचरा निघत असेल, तर २०१६ च्या घनकचरा नियमांपासून त्याला ओला कचरा वेगळा करून त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी आलेली आहे, आणि महापालिका त्याला जाब विचारू शकते. त्याच हॉटेलासमोरच्या धक्क्यावरून सुटलेल्या, शेकडो माणसांचे जेवण शिजवणाऱ्या जहाजाच्या ओल्या कचऱ्याबद्दल मुंबईकरांना काहीच कळत नाही.

वास्तविक ही नोंद होत असते. प्रत्येक मोठ्या जहाजाला कचऱ्याची नोंदवही ठेवावी लागते आणि तिच्यात ‘ब’ हा वर्ग केवळ अन्नाच्या कचऱ्यासाठी असतो. किती घनमीटर कचरा, कोणत्या तारखेला, कुठे सोडला किंवा उतरवला, हे तिथे लिहिलेले असते. ती वही तपासनिसांपुढे जाते, लोकांपुढे येत नाही. जगभरात २०२२ मध्ये ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नापैकी सुमारे १०५ कोटी टन वाया गेले आणि त्यातला २८ टक्के वाटा हॉटेले, उपाहारगृहे आणि केटरिंग यांचा होता, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो. अशा जागतिक आकड्यांनी मन हळहळते, पण त्यांनी कोणाची जबाबदारी ठरत नाही. एका जहाजाचा, एका प्रवाशामागचा, एका रात्रीचा आकडा समोर आला तर ती ठरू शकते.

आणि वाया जाणारी वस्तू कोणती आहे हेही विसरता येत नाही. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. एका फळात तीस-चाळीस बिया निघतात. फळ कोयत्याने फोडायचे, गर लागलेल्या बिया पाच-सहा दिवस केळीच्या पानांत झाकून आंबवायच्या, मग उन्हात वाळवायच्या, आणि एवढे करून एका फळामागे जेमतेम मूठभर कोरड्या बिया हाती येतात. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधन संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार या दोन देशांत सुमारे १५ लाख ६० हजार मुले कोकोच्या शेतीत बालमजुरी करत होती. बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार संपवण्याचा शब्द चॉकलेट उद्योगाने २००१ सालीच एका करारात दिला होता. २०२४ च्या अखेरीस खराब पीक आणि झाडांवरच्या रोगामुळे न्यूयॉर्कच्या बाजारात कोकोचा भाव टनाला १२ हजार डॉलरांच्या वर गेला. तरीही आयव्हरी कोस्ट आणि घानाच्या सरकारी मंडळांनी हंगामाआधीच दर ठरवून टाकलेले असल्याने त्या तेजीचा मोठा भाग शेतकऱ्याच्या पदरी पडला नाही. आपल्याकडे केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूत नारळी-पोफळीच्या सावलीत कोको पिकतो, त्या शेतकऱ्याचीही मेहनत वेगळी नाही. इतक्या हातांतून आलेली वस्तू खाल्ली जावी, तिच्यावर लोकांनी ताव मारावा, मुलांनी हात माखून घ्यावेत. ती केवळ टेबल भरलेले दिसावे म्हणून वितळवणे मला चुकीचे वाटते.

येथे दोन आक्षेप मी स्वतः घेत नाही, हे स्पष्ट करतो. गरीब देशात असल्या मेजवान्या कशाला, हा पहिला. जहाजावर येणारे बहुसंख्य लोक काही कुबेर नसतात. डोंबिवली, बोरिवली, ठाण्याची कुटुंबे वर्षभर पैसे साठवून दोन-तीन रात्रींची सफर करतात, आणि त्यांच्या आनंदावर उपदेशाचे पाणी ओतण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुसरा आक्षेप आरोग्याचा. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आले, आणि ही गंभीर बाब आहे. परंतु वर्षातल्या एका रात्रीच्या केकने तो प्रश्न निर्माण झालेला नाही आणि त्या रात्री केक नाकारल्याने तो सुटणारही नाही.

मग करायचे काय? उत्तर आपल्याच लग्नघरात आहे. पंगतीची पद्धत निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. जिलबी खाण्याच्या पैजा लागत, यजमान आग्रह करकरून वाढत, आणि त्या आग्रहापायी पाने वायाही जात. तरी तिच्यात एक मोठे शहाणपण होते, ते म्हणजे परात आत राहत असे. वाढपी पान पाहून वाढे, हात आडवा आला की पुढे सरके. पहिल्या पंगतीला जिलबी किती गेली ते वाढपी आत येऊन सांगे आणि आचारी त्या अंदाजाने पुढचा घाणा काढे. शेवटची पंगत उठत आली की जाळ ओढून घेतला जाई आणि न तळलेले पीठ पीठच राही. बुफेने वाढप्याला काढून टाकले आणि त्याच्याबरोबर हा सगळा निरोप बंद झाला. आता स्वयंपाकघराला टेबलाची खबर लागते ती टेबल रिकामे होऊ लागल्यावर, आणि टेबल रिकामे दिसू नये अशी तर सक्तीच असते.

चॉकलेटच्या मेजवानीत वाढपी परत आणला, तर तिची शोभा कमी होणार नाही. टेबलावर प्रत्येक प्रकाराचा एक नमुना सजवून ठेवावा, ज्यांना छायाचित्रे काढायची आहेत त्यांनी काढावीत. खायचे ते मात्र मागे थंडाव्यात असावे आणि कारागिराने समोर उभे राहून, अर्ध्या आकाराचे तुकडे कापून, विचारून द्यावेत. पुन्हा हवे असेल तर पुन्हा मागावे. दहादा मागितले तरी दहादा द्यावे. ‘हवे तेवढे’ हे वचन यात कुठेही मोडत नाही. कारंज्याऐवजी ज्याला हवे त्याच्या ताटलीत पळीने गरम चॉकलेट ओतता येते, आणि भांड्यातले उरलेले स्वच्छ राहते.

वाढप्याचे आणखी एक काम आपल्या प्रवाशांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर अंडे न खाणारी, जैन आहार पाळणारी, प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन न चालणारी कितीतरी कुटुंबे असतात. सगळे मांडलेल्या टेबलावर ‘अंडेविरहित’ अशी पाटी एका केकपुढे लावलेली असते खरी. पण गर्दीत कोणीतरी शेजारच्या केकचा चिमटा उचलून याच केकला लावतो, पाटी सरकते, चुरा इकडचा तिकडे पडतो. ज्याला शेंगदाण्याची किंवा अक्रोडाची अॅलर्जी आहे त्याच्यासाठी तर हा श्रद्धेचा प्रश्न न राहता जिवाचा होतो. अशा वेळी समोर उभा असलेला माणूस “आजी, यात अंडं आहे, तुम्ही हा दुसरा घ्या” असे सांगतो, त्याची बरोबरी कोणतीही पाटी करू शकत नाही.

वाढायला माणसे जास्त लागतील आणि रांगा लागतील, ही हरकत खरी आहे. करोनानंतर २०२१ मध्ये जहाजे पुन्हा सुरू झाली तेव्हा अनेक बड्या कंपन्यांनी बुफेतले चिमटे प्रवाशांच्या हातून काढून घेतले आणि कर्मचाऱ्यांकरवी वाढायला सुरुवात केली. लोकांनी ते स्वीकारले, जहाजे भरून गेली. भीती ओसरल्यावर बहुतेकांनी जुनी पद्धत परत आणली, कारण तिला माणसे कमी लागतात. पण कमी माणसांचा हा हिशेब अपुरा आहे. डोळे दिपवणारे टेबल सजवायला आदल्या दिवसापासून जे हात राबतात, ते त्यात धरलेले नसतात. सागरी कामगार करार, ज्याला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली, खलाशाला आणि जहाजावरच्या आचाऱ्यालाही दर २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती देतो. रात्री उशिरापर्यंत चालणारी मेजवानी, तिची मांडामांड, मग आवराआवर आणि पहाटे पुन्हा न्याहारीचे पाव, या चक्रात ती विश्रांती कुठे बसते, याचा विचार कंपन्यांनी करावा. पुतळे आणि रचना यांत जाणारे तास वाढण्याकडे वळवले, मेजवानी रात्रीच्या जेवणालाच जोडली आणि भोजनाच्या दोन पाळ्यांप्रमाणे तिच्याही दोन पाळ्या केल्या, तर रांगही आटोक्यात राहील आणि माणसेही वेळेवर झोपतील.

उरलेल्या अन्नाचा प्रश्न याच मांडणीशी बांधलेला आहे. इटलीत २०१६ मध्ये अन्नदान सोपे करणारा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी कोस्टा या क्रूझ कंपनीने सव्होना बंदरात, बांको अलिमेंतारे या अन्नपेढीच्या मदतीने, जहाजावर शिजलेले परंतु प्रवाशांपुढे न मांडलेले अन्न बंद डब्यांत, तारीख आणि घटकांची चिठ्ठी लावून, गरजूंसाठी उतरवायला सुरुवात केली. ‘न मांडलेले’ ही त्यातली कळीची अट आहे. टेबलावर आलेला केक कोणालाच देता येत नाही; आत थंडाव्यात राहिलेला केक देता येतो. आपल्याकडे अतिरिक्त अन्न गोळा करून वाटण्याचे नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्येच केलेले आहेत. मुंबईत माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी डबेवाल्यांना बरोबर घेऊन उभी केलेली रोटी बँक आहे. बॅलार्ड पिअरपासून सेंट जॉर्ज रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथे रुग्णांचे नातेवाईक दिवसचे दिवस काढत असतात. भुकेल्या माणसाला आधी पोळीभाजी हवी, हे मला मान्य आहे, आणि जहाजावरचे पाव, भात, डाळ हेही याच वाटेने उतरू शकते. परदेशातून येणाऱ्या जहाजांच्या बाबतीत सीमाशुल्क आणि आरोग्य तपासणीच्या अडचणी येतील. पण मुंबई-गोवा-मुंबई अशा देशांतर्गत फेऱ्यांपासून सुरुवात करायला त्या आड येत नाहीत.

हे सगळे कंपन्यांच्या सदिच्छेवर सोडू नये, असे मला वाटते. टेबल भरलेले दाखवण्याची स्पर्धा असते तोवर एकटी कंपनी आपले टेबल आवरते घेणार नाही. तिला भीती असते की शेजारचे जहाज अधिक श्रीमंत दिसेल. सगळ्यांना एकच अट लावली तर ती भीती जाते. मुंबई बंदर प्राधिकरण धक्का देताना ही अट घालू शकते. मेजवानी कशी मांडावी हे प्राधिकरणाने सांगण्याचीही गरज नाही. मुंबईहून फेऱ्या करणाऱ्या प्रत्येक जहाजाने कचऱ्याच्या नोंदवहीतील अन्नाचा आकडा, प्रवासी आणि रात्री यांच्या संख्येने भागून, दर हंगामाला जाहीर करावा एवढे पुरे. ज्याचा आकडा कमी होत जाईल त्याला धक्क्याच्या शुल्कात सवलत द्यावी. प्रदूषण कमी करणाऱ्या जहाजांना अशी सवलत देण्याची प्रथा जगातल्या अनेक बंदरांत आहे. मग वाढपी ठेवायचा, तुकडे लहान करायचे की मेजवानीची वेळ बदलायची, हे त्या जहाजाचा प्रमुख आचारी आपल्यापेक्षा चांगले ठरवील.

आकडे जाहीर केल्याने व्यवसायाची बदनामी होईल, असे काही जण म्हणतील. मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्या प्रवाशामागे होणारी अन्नाची नासाडी निम्म्याने कमी करण्याची उद्दिष्टे स्वतःहून जाहीर करतात आणि आपल्या वार्षिक अहवालांत त्याची प्रगती छापतात; त्यामुळे त्यांचे प्रवासी कमी झालेले नाहीत. आपल्याकडे हा व्यवसाय लहान आहे, जहाजे मोजकी आहेत, आणि म्हणून पहिला आकडा मिळवणे आज सोपे आहे. २०२९ मध्ये प्रवासी दुप्पट झाल्यावर ते तितके सोपे राहणार नाही. पावसाळ्यानंतरच्या येत्या हंगामाची वेळापत्रके ठरताना प्राधिकरणाने आकडे जाहीर करण्याचे परिपत्रक काढावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, आणि पहिल्या हंगामाचा आकडा हाती आला की पुढचा वाद मी काय पाहिले आणि कंपन्या काय सांगतात यावर न घालता त्या आकड्यावर घालता येईल.